ओट्यावर ठेवलेलं पेन

बाई, मॅट्रिकच्या इंग्रजीची धास्ती माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. वयाची ऐंशी ओलांडली, तरी नातवानं इंग्रजी पुस्तक पुढे केलं की आधी मी चष्मा सापडत नाही म्हणते. साताऱ्यात तेव्हा माझं सगळं त्या एका पेपरवर अडलं होतं. पास झाले तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं, नापास झाले तर पाटणच्या स्थळाला होकार कळवायचा, असं वडिलांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. शिकवणीला तुम्ही म्हणालात, नुसत्या व्याकरणावर भागायचं नाही, निबंधात वजनदार शब्द हवेत. आणि ते घोकायचे नाहीत. प्रत्येक शब्दाला गल्लीतलं एक माणूस शोधायचं. म्हणून शेजारचे पेन्शनर सुभेदार ‘पॉम्पस’, म्हणजे बडेजाव मिरवणारे, झाले आणि माझी आई ‘ऑब्स्टिनेट’, म्हणजे हट्टी. सुभेदार मिश्या पिळत बाहेर आले की मला स्पेलिंगसकट शब्द आठवायचा.

मग तुम्हाला क्षय झाला आणि तुम्ही सांगलीला भावाकडे गेलात. शब्द मात्र दर आठवड्याला पाकिटातून येत राहिले. अजून डोळ्यांसमोर दिसतं: आई ते पाकीट सांडशीत धरून आणते, काडीनं कागद बाहेर ओढते, अंगणात उन्हात पसरते आणि चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवते. “लांबनंच वाच. हात लावशील तर बघ, लय वाईट रोग हाय त्यो.” मी हात पाठीमागे बांधून, वाकून, डोक्यावर ऊन घेत वीस-वीस शब्द पाठ करते आहे. कोंबडी कागदावरून चालली तर आई तिलाही हाकलते. मला हसू यायचं, पण खरं सांगते, हात लावायची माझीही छाती नव्हती. साधा ठसका लागला तरी मी दिवसभर कपाळाला हात लावून ताप बघत बसायची.

परीक्षेचा नंबर सांगलीला लागला. आदल्या दिवशी सकाळी मी तुम्हाला भेटायला आले, ती दारापर्यंतच. तुम्ही आत खुर्चीवर, मी रस्त्यावर, मध्ये ओटा. तुम्ही शब्द विचारलेत, मी माणसं सांगितली. सुभेदारांवर तुम्ही इतक्या हसलात की खोकल्याची उबळ आली, आणि मी दोन पावलं मागे सरले. ते तुम्ही पाहिलंत.

“आणि मला कोणता शब्द लावलास गं?”

“जनरस,” मी म्हणाले, म्हणजे उदार. वहीत मी तुमच्यापुढे ‘फ्रेल’, म्हणजे तोळामासा प्रकृतीचं, लिहिलं होतं.

मग तुम्ही उठून दारात आलात आणि तुमचं फाउंटन पेन पुढे केलंत. “उद्या यानं लिही. टाकानं शाई सांडत बसू नकोस.” माझा हात वर आलाच नाही. “ओट्यावर ठेवा, बाई,” मी म्हणाले. तुम्ही ठेवलंत. पुन्हा खुर्चीपर्यंत मागे गेलात, मला उचलायला सोपं जावं म्हणून. मी ते रुमालात धरून उचललं.

पेपर मी टाकानंच लिहिला. पास झाले, पाटणचं स्थळ टळलं, पुढे तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. निकालानंतर तुमचं कार्ड आलं होतं: ‘पेन नीट चाललं ना?’ ‘फार छान चाललं,’ असं मी उलट टपाली कळवलं. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. मला स्वतःची लाज वाटते, बाई. तेव्हाही वाटली होती. हे पत्र तुमच्याच पेनानं लिहायचं ठरवून आज ते पेटीतून काढलं. एवढ्या वर्षांनी त्यावर रोगाचं काही उरलेलं नसणार, हे मला चांगलं कळतं. तरी शाई भरायच्या आधी मी ते तासभर गॅलरीत उन्हात ठेवलं.