चोवीस इंचांवरून खाली

भोसरी, सोमवार

आदरणीय गेनबाभाऊ यांस,

मन्सूरचा सलाम आणि रामराम, दोन्ही घ्या. तुमची साखर आटोक्यात असेल, सारजावहिनींचा खांदा वर जात असेल आणि म्हैस तुम्हाला पहिल्यासारखीच लाथ मारत असेल, असं धरून चालतो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण गोष्ट संपायच्या आधीच तुम्ही हसायला लागता. कागदावर निदान माणसाला शेवटपर्यंत बोलू देतात.

आमची सादिका तायक्वांदो खेळते, हे तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही अजून कराटेच म्हणता, म्हणा). पण तिच्या क्लासात लाथा कमी आणि उड्या जास्त असतात, हे मलाही हल्लीच कळलं. जमिनीवर दोरीची शिडी अंथरतात आणि पोरी तिच्या घरांतून तुरुतुरु पळतात. शिडी असून वर कुणीच चढत नाही. मी विचारलं तर अनितामॅडम म्हणाल्या, यानं पायांना चपळाई येते. (अनितामॅडम म्हणजे तिच्या कोच. वजन पंचेचाळीस किलो, आवाज आपल्या कंपनीतल्या जुन्या प्रेसचा.)

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात एका स्पर्धेत सादिकानं उडी मारून लाथ घातली. लाथ बरोबर बसली, पण उतरताना डावा घोटा मुरगळला. दीड महिन्यात बरा झाला, डॉक्टरांनी खेळायला मोकळं केलं, तरी पोरगी डाव्या पायावर उतरेना. हवेतच असं काही वळायची की उजवा पाय आधी टेकावा. राज्य संघाची निवड चाचणी महिन्यावर आलेली. घरात ती अवाक्षर काढत नव्हती. मदिना मला म्हणायची तुम्ही बोला, मी म्हणायचो तू बोल, आणि आम्ही दोघं मिळून तिला नुसती अंडी खाऊ घालत होतो.

तेवढ्यात मॅडमना उड्या मारायला भक्कम खोके हवे होते. मी म्हटलं, मी करून देतो. पोरीशी बोलता येत नसलं तरी वेल्डिंग येतं. अँगलची चौकट, वर जाड प्लायवूड, त्यावर रबर. अठरा इंची दोन, चोवीस इंची दोन. त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी टेम्पोतून पोचवले. सादिकानं चोवीस इंचीला हात लावला आणि म्हणाली, हलेल. भाऊ, माझ्या वेल्डिंगला! एवढ्या वर्षांत क्वालिटीवाल्यानं असं म्हटलं नव्हतं (तुम्ही एकदा म्हटलं होतंत, ते मी माफ केलंय). मी चपला काढल्या आणि अख्ख्या क्लाससमोर जाहीर केलं की आता बघाच.

पहिल्या उडीत नडगी कडेवर घासली. दुसऱ्या उडीत, कसा ते अजून समजलेलं नाही, पण मी वर होतो. पोरींनी टाळ्या वाजवल्या. खोका हलला नाही. मी हललो. चोवीस इंच खालून दिसतात त्याच्यापेक्षा वरून फारच जास्त असतात. पुढे पाय टाकावा तर जमीन लांब, मागे टाकावा तर सापडेना. मॅडम म्हणाल्या, काका, उतरा आता. मी म्हटलं, असू द्या, इथून क्लास छान दिसतो. पाच मिनिटं मी कमरेवर हात ठेवून सराव बघत असल्याचं नाटक केलं.

शेवटी सादिका आली. “अब्बा, उतरायचं शिकल्याशिवाय चढलात कशाला?”

मग तिनं शिकवलं. चवडा आधी, टाच मागून, गुडघे वाकवायचे, आवाज होता कामा नये. मी म्हटलं, करून दाखव. ती शेजारच्या खोक्यावर चढली, दोन्ही पायांवर उतरली. मी म्हटलं, कळलं नाही. परत उतरली. परत नाही कळलं. तिसऱ्यांदा वैतागून ती एका पायावर उतरली. डाव्या. मांजर उतरावी तशी, आवाजच नाही. तिच्या ध्यानात आलं नाही. मॅडमच्या आलं, त्यांनी शिट्टी ओठापाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. मी म्हटलं, अजून नीट कळलं नाही. आणखी सहा वेळा मला कळलं नाही.

सातव्यांदा तिनं उतरून आपल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अब्बा, तुम्हाला कधीच कळलंय.”

मग मी उतरलो. शेजारच्या गाळ्यातली माणसं काय पडलं ते बघायला बाहेर आली.

काल चाचणी झाली. दुसऱ्या फेरीत हरली, संघात राखीव म्हणून नाव लागलं. घरी येताना बसमध्ये तोंड फुगवून बसली होती. हरली म्हणून, घोट्याचं तिनं नावही काढलं नाही. इतकं फुगलेलं तोंड बघून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

वहिनींना सलाम सांगा.

तुमचा,
मन्सूर

ता.क. मॅडमनी मोठ्या माणसांचा वर्ग काढलाय, रविवारी सकाळी सात वाजता. कुणाला सक्ती नाही, मी आपलं सहज नाव दिलं. सरावाला सारख्या वजनाचा जोडीदार लागतो. भोसरीत माझ्या वजनाचा माणूस मिळेना, म्हणून तुमचं नाव लिहून मोकळा झालो. सैल पायजमा आणा.

आणखी ता.क. वयाच्या रकान्यात दोघांचंही बेचाळीस लिहिलंय, तेव्हा मिशा काळ्या करून या. वहिनींना सांगा, मन्सूर आजारी आहे, बघून येतो. मदिनाला मी तुम्ही आजारी असल्याचं सांगून ठेवलंय.