पाहुण्याची चाल

३ फेब्रुवारी, सोमवार

टपालाने आले: पुस्तक एक, कुत्र्यांच्या चालींवरचे, इंग्रजी, सचित्र – १८०/-. टपालखर्च २२/-. बाजारातून: कातडी पट्टा – ९५/- (एकशेवीस सांगत होता). एकूण २९७/-. कुत्र्यांच्या डॉक्टरची एका वेळची फी ३००/-. म्हणजे पहिल्याच दिवशी तीन नफ्यात.

धाकटी नोकरीसाठी वर्षभर परदेशी, तिचा कुत्रा आमच्याकडे. मी त्याला पाहुणा म्हणते, म्हणजे लळा लागत नाही. माझ्याबरोबर फिरायला निघाला की तो डुलत, अवघडून चालतो. ह्यांनी माझ्या परस्पर तिला कार्ड टाकले. तिचे उत्तर आले, आई, तुला झेपत नसेल तर खरं सांग, त्याला नणंदेच्या मळ्यावर पाठवते. मळ्यावर! थंडीत बाहेर बांधतील. मला काय, गेला तर सुटले. पण माझ्या घरात आलेला जीव लंगडा झाला असे कोणी म्हणायला नको.

निश्चय: पंधरा दिवसांत दोष शोधणे व दुरुस्त करणे. मॅट्रिकला इंग्रजीत एकसष्ट मार्क होते.

४ फेब्रुवारी, सकाळी ६

वाचन. साध्या चालीत चार पाय एकामागून एक टेकतात, म्हणजे चार ठोके. दुडकीत तिरपे पाय जोडीने, पुढचा उजवा नि मागचा डावा, दोन ठोके. त्याहून वेगात तीन. चौखूर पळताना चारही पाय क्षणभर हवेत.

लक्षात ठेवायला युक्ती काढली. चालीला ना-रा-य-ण. दुडकीला रा-म. तिसरीला गो-विं-द. व्यायाम, अभ्यास आणि नामस्मरण एकाच वेळी. पुस्तक लिहिणाऱ्याला हे सुचले नाही.

आणखी एक चाल आहे. एका अंगाचे दोन्ही पाय एकदम, उंटासारखी. हिलाही रामच बसतो, म्हणून कानावर भिस्त नको. दुखऱ्या किंवा थकलेल्या कुत्र्याची ही चाल, असे लिहिले आहे. पुढे ‘अथवा’ म्हणून मोठा परिच्छेद आहे. डिक्शनरी वरच्या फळीवर. स्टुलावर चढणे आज नको, हवा दमट आहे.

५ फेब्रुवारी

पाहुणा उंटासारखा चालतो! स्वतः पाहिले. निदान झाले: मागचा उजवा पाय. चोळायला तेलाची बाटली आणली.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारले, काकू, तेल नक्की कोणाच्या पायाला लावताय? मी म्हटले, ज्याचा दुखतो त्याच्या. तो म्हणाला, मग बरं. ह्या माणसाला जनावरातले काही कळत नाही. माझ्या परकराचीही एक बाजू दरवेळी लांब ठेवतो. वर म्हणतो, काकू, तुम्ही सरळ उभ्या राहतच नाही.

८ फेब्रुवारी, दुपारी

शास्त्रीय पद्धत. व्हरांड्याच्या फरशीवर कणकेचा कोंडा पसरून पाहुण्याला वरून चालवायचे, मग ठसे मोजायचे. पहिल्या खेपेला कोंडा चाटून खाल्ला. दुसऱ्या खेपेला मी पट्टा धरून शेजारून चालले. ठसे स्पष्ट. दोन ठशांमधले अंतर फार कमी. आणि बाजूने दर दोन वितींवर एक लांब फरपटलेली रेघ. कुत्र्याच्या पंजाची इतकी लांब रेघ पुस्तकातल्या एकाही चित्रात नाही. रोग जुनाट दिसतो.

ह्यांना दाखवले. ते बराच वेळ फरशीकडे आणि मग माझ्या चपलेकडे बघत राहिले. म्हणाले, तू बस जरा. मी म्हटले, मला बसायला वेळ कुठे आहे?

१० फेब्रुवारी

आज हे फिरवायला घेऊन गेले. खिडकीतून ऐकले: राम, राम, राम. डोळ्यांनीही पाहिले, तिरपे पाय, शुद्ध दुडकी. संध्याकाळी मी नेले तर पुन्हा उंट! म्हणजे पाहुणा लबाड आहे. पुरुषमाणसासमोर दुखणे लपवतो, माझ्यासमोर मोकळा होतो. माझ्यावर विश्वास आहे एवढाच ह्याचा अर्थ.

रात्री त्याच्या पायाला तेल चोळले. उरलेले वाया कशाला, म्हणून माझ्या गुडघ्याला. लळा वगैरे नाही.

निश्चय: उद्यापासून भरभर चालायचे. त्याला माझ्या वेगाची सवय लावायची.

११ फेब्रुवारी

चपला जुन्या. उद्यापासून.

१२ फेब्रुवारी

फरशा उंचसखल. नगरपालिकेला अर्ज लिहावा. उद्यापासून.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी

चौखूर पाहिले. मांजर आडवे गेले. चारही पाय हवेत असतात हे अगदी खरे. नारायणही बसेना, गोविंदही बसेना, तोंडातून फक्त देवा रे! त्यानंतर मी शिंप्याच्या पायरीवर बसले. पडले नाही, बसले. पाहुणा मांजर सोडून परत आला आणि पायाशी लोळण घेतली. शिंप्याने पाणी दिले. म्हणाला, काकू, मी ह्याला घरी सोडू की तुम्हाला? आगाऊ!

गुडघा थोडा सुजला आहे. हवेमुळे.

१६ फेब्रुवारी

तीन दिवस पाहुणा माझ्याबरोबर फक्त जिन्याच्या तळापर्यंत. दर पायरीला थांबतो, मागे बघतो. आता पायरीसुद्धा झेपेना बिचाऱ्याला. मळ्यावर कोण बघणार त्याला? हे म्हणाले, पुरे झालं, उद्या डॉक्टरकडे. तीनशे गेले.

१७ फेब्रुवारी

डॉक्टर वयाने पोर. बाई आहे. मी पुस्तक, ठशांचे नकाशे, नामाचे कोष्टक सगळे पुढे ठेवले. तिने पाहुण्याचे पाय दाबले, वाकवले. मग ह्यांना म्हणाली, तुम्ही चालवा बघू. राम, राम. मग मला म्हणाली, आता आजी, तुम्ही. मी चालवला. ती खाली बसून बघत होती. पाहुण्याकडे नव्हे.

मग पुस्तकातला तो ‘अथवा’चा परिच्छेद तिने वाचून अर्थ सांगितला: अथवा सोबतच्या माणसाचा वेग कुत्र्याच्या दुडकीला फार सावकाश असेल, तर कुत्रा मधलीच, उंटाची चाल धरतो. म्हणाली, ह्याला काहीही झालेलं नाही आजी. हा तुमच्यासाठी पाय आखडतोय. तुम्ही गुडघा कधीपासून फरपटताय?

मी म्हटले, कोण फरपटतंय? हे म्हणाले, गेल्या वर्षापासून. पाहुण्याने माझ्या चपलेवर डोके ठेवले. फितूर.

फी घेतली नाही. म्हणाली, पेशंट माझा नव्हता.

१९ फेब्रुवारी

माणसांच्या डॉक्टरने सहा आठवडे जिना बंद केला. धाकटीला पत्र टाकले. नक्कल येथे ठेवते.

‘चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. तुझ्या कुत्र्याचे चारही पाय ठणठणीत आहेत, तसा डॉक्टरचा कागद सोबत आहे. दोष दुसरीकडे निघाला, तो किरकोळ आहे. तूर्त तुझे बाबा फिरवतात. तो कोपऱ्यापर्यंत जातो, मग थांबून खिडकीकडे बघत राहतो, मी हात केल्याशिवाय पुढे जात नाही. बाबांचा वेळ मोडतो. मळ्यावर त्याच्याबरोबर एवढे हळू कोणी चालेल का, ते नणंदेला विचारू नकोस. मला सहा आठवडे दे. खरे सांग म्हणाली होतीस, म्हणून लिहिते: मला झेपत नव्हते. पण तो आमचा आम्हाला राहू देशील का, एवढे उलट टपाली कळव.’