बिनजाळाची शेगडी

११ फेब्रुवारी १९७४, सोमवार. सांगली
अंजना माहेरी औंधला जाऊन महिना होत आला. कारण धूर. रॉकेल मिळत नाही, चुलीनं तिला खोकला. (कादंबरीसाठी मी नोकरी सोडली, हे कारण नाही. ती तसं म्हणाली, पण रागात.) आज लायब्ररीतल्या अमेरिकन मासिकात बिनजाळाची शेगडी पाहिली. रविवारपर्यंत बनवणार. तोवर कादंबरी बंद. तसंही तिच्यात काही घडत नाही, तेच तिचं वैशिष्ट्य.

१२ फेब्रुवारी
तत्त्व सोपं. तारेचं वेटोळं, त्यात एसी करंट. वेटोळ्याचं चुंबक होतं, त्याची दिशा सारखी उलटसुलट होते. वर लोखंडी भांडं ठेवलं की त्याच्याच अंगात करंट फिरतो नि भांडं आपोआप तापतं. शेगडी थंडच! मधे कागद ठेवला तरी जळत नाही. धूर नाही, काजळी नाही, पदर पेटायची भीती नाही. भांडं उचललं की काम बंद. अंजनाला पत्र टाकलं: रविवारी ये, भाकरी मी करतो.

१४ फेब्रुवारी
अडचण. पातेली अॅल्युमिनियमची, तांब्या पितळी. ह्यांचा उपयोग नाही. लोखंडी फक्त तवा, अंजनाच्या माहेरचा. पुरेल. चहा तव्यातही होईल.

१५ फेब्रुवारी
कुपवाडला आकारामकडे गेलो. तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. म्हणाला, गड्या, मोटार भरली तर पाणी तरी वर येतंय, ह्यातनं काय येणार? मी म्हणालो, बायको. लय हसला. एवढ्यावर त्यानं वेटोळं भरून दिलं.

१७ फेब्रुवारी, रविवार. सकाळी
चाचणी. तवा शेगडीला घट्ट चिकटला. भुंग्यासारखा गुणगुणतोय. अर्ध्या तासानं कोमट. गरम होण्याआधी सगळंच कोमट असतं.

दुपारी
अंजना आली नाही. सासरे आले, रिटायर्ड सुभेदार लालासाहेब. पाहणीला असणार. त्यांना तत्त्व समजावलं. कागद ठेवला, तवा ठेवला, भाकरी टाकली. बराच वेळ बघून ते म्हणाले, जावईबापू, ही भाजाय टाकलीया का निजाय? तेवढ्यात वेटोळंच जळालं. सुभेदार खोकत बाहेर पळाले. अंजनाही एवढी कधी खोकली नव्हती.
कागद मात्र जळला नाही. नोंद करून ठेवतो.
करंट गेल्यावर तवा सुटला. सासऱ्यांनी पुसून पिशवीत घातला. म्हणाले, अंजी म्हणली, बाकी कायबी नगं, तेवढा माझा तवा आणा. मी विचारलं, ती कधी येणार? म्हणाले, आवं, ह्यो न्हेतोय, त्यावरनं कळंना व्हय?

१८ फेब्रुवारी
चिरमुरे खाल्ले. शेगडीला हात लावून पाहिला. एकदम थंड. मासिकात लिहिलंय तशीच.