सराटोवच्या बाईचं खरं नाव

प्रिय तोमा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. रागावून फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. आपल्या दोन देशांतलं टपाल बंद आहे, म्हणून तिबिलिसीच्या एका ओळखीच्या बाईंमार्फत हे वळसा घालून येतंय. खारकीवहून तुझ्या बेल्गोरोदला आपण सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचायचो. या कागदाला महिना लागेल.

आई बरी आहे. गुडघे धरलेत. हल्ल्याचा भोंगा वाजला तरी तळघरात येत नाही. "बटाटे सोलून होईस्तोवर थांबा म्हणावं त्यांना," असं मलाच सुनावते. रविवारी अजून तुमची धरून जेवणाची चार पानं मांडते. मी जादाची उचलत नाही.

तुझं लग्न झालं तेव्हा आपल्या खोलीत मला झोप यायची नाही, इतकी तुझ्या घोरण्याची सवय होती. तू मात्र दर सुट्टीला यायचीस, लेकाला, छोट्या कोस्त्याला घेऊन, आणि रोपं लावायला ओल्या कापसात गुंडाळलेली व्हायोलेटची पानं स्वेटरखाली लपवून आणायचीस. पुढे व्हायोलेट लावणाऱ्या बायकांच्या इंटरनेटवरच्या गटात तूच मला ओढलंस. तिथे कोण रशियाची, कोण युक्रेनची, कुणी विचारत नव्हतं. कुणाच्या कुंडीला बुरशी लागली, एवढीच काय ती चर्चा.

मग युद्धाचा दुसरा आठवडा. मी खिडकीचा फोटो टाकला. कुंड्यांवर काचा, आत बर्फ. खाली दिवसभर भांडणं चालली. तू लिहिलंस, "फोटो बनावट आहे. तुमच्याच लोकांनी फोडलं असेल." मी लिहिलं, "तोमा, ही आईची खिडकी आहे." तू म्हणालीस, आईलाही तुम्ही पढवलंय. आणि मग मी सगळ्यांसमोर ते लिहिलं. "तुझा कोस्त्या शवपेटीतून घरी येऊ दे, मग खरं वाटेल तुला." त्या वाक्याला एकशे बारा जणांनी अंगठे दिले. ते मी मोजत बसले होते, तोमा. रात्री पुसायला गेले, तोवर तू मला सगळीकडून बंद करून टाकलं होतंस.

त्या उन्हाळ्यात तुझ्या गटात तुमच्या रशियातल्याच सराटोवची अलेव्तिना नावाची बाई आली, आठवते? पानाला मुळं फुटत नाहीत म्हणून रडगाणं गाणारी. तू तिला लिहिलंस, "अगं बाई, तू झाडं बुडवून मारतेयस. तहानेने मरत नाहीत ती, लाडाने मरतात." लहानपणापासून हीच बोलणी खात आले मी. त्या दिवशी ती वाचून पोट भरल्यासारखं वाटलं. सराटोवचं हवामान रोज बघून ठेवायची, विचारलंस तर चुकायला नको म्हणून. तुमच्याकडेही आता भोंगे वाजतात, हे तिलाच कळलं. दोन वर्षं तू तिच्याशी इतकी प्रेमाने बोललीस, की मला तिचा हेवा वाटायचा.

गेल्या मंगळवारी तू तिला लिहिलंस, की मार्चमध्ये कोस्त्याला पुरलं आणि पेटी उघडू दिली नाही. पुढे लिहिलंस, "खारकीवला माझी बहीण आहे. तिने शाप दिला होता. तिला कळवायला जीभ रेटत नाही, पण रडायचंय ते तिच्याच गळ्यात पडून." अलेव्तिनाने उत्तर दिलं नाही म्हणून तुला वाईट वाटलं असेल. ती काय उत्तर देणार? ती नाहीच. मी आहे, नीना. तो कुणाच्या घरांवर तोफा डागायला गेला होता, ते मी विसरू शकत नाही. तापात माझ्या मांडीवर झोपलेला तो सात वर्षांचा पोरही विसरता येत नाही. माझं ते वाक्य परत घेता आलं असतं तर पहिल्या रात्रीच घेतलं असतं. आईला अजून काही सांगितलेलं नाही, एकटीने सांगवत नाही. घरचा फोन नंबर तोच आहे. तू केलास तर मीच उचलेन, आणि तू काही बोलली नाहीस तरी खाली ठेवणार नाही.

तुझीच,
नीना