बारा महिन्यांचं कौतुक

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार, आणि मामींना त्याहून थोडा लांबून. (त्यांच्या गुडघ्याला धक्का लागू नये म्हणून. बाकी काही नाही.) गुडघा आता कसा आहे? तुमचा खोकला बसला का? मांजरीला पिल्लं झाली असं आई म्हणत होती, त्यांनाही आशीर्वाद. आणि ती तुमची छत्री, जी मी येऊन गेल्यापासून उघडत नाही, ती उघडली का? मी त्यावर बराच विचार केला आणि माझं असं मत झालं आहे की हवेतला दमटपणा, कापडाचा जुनेपणा आणि एकंदर परिस्थिती अशा अनेक कारणांनी छत्र्या आपोआप चिकटतात. यात कोणा एका माणसाला दोष देणं बरोबर होणार नाही.

पत्र लिहायला विशेष कारण असं काही नाही. सहज आठवण आली. (तुम्ही भुवई वर केली असेल. खाली घ्या.)

इकडे दुरुस्तीचं शिक्षण ठीक चाललं आहे. फ्रिज उघडता येतो, मिक्सर उघडता येतो, आणि गेल्या आठवड्यात मिक्सर परत बंदही करता आला, दोनच स्क्रू उरले. अडचण फक्त इंग्रजीची. दोनदा आपटलोय, ही तिसरी खेप. यंदा नव्या मॅडम आल्या आहेत. वर्षभराच्याच बोलीवर, जमलं तर पुढे, नाहीतर रामराम. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, पुस्तक मिटा, आपण ब्लॉग लिहायचा. म्हणजे इंटरनेटवरची एक वही, जी सगळ्यांना उघडी. आम्ही चौदा जण. दर आठवड्याला प्रत्येकाने इंग्रजीत काहीतरी लिहायचं, बाकीच्यांनी त्याखाली प्रश्न विचारायचे. नियम दोनच. वाक्य आठ शब्दांच्या वर जायचं नाही, आणि जे म्हणाल ते कशावरून, ते पुढच्या वाक्यात सांगायचं.

मला वाटलं, आठ शब्द म्हणजे चैन आहे. मी लिहिलं, आपल्या कॅन्टीनचा चहा वाईट असतो. झालं. पण आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे टाचणी म्हणतात, कारण ती बोलते कमी आणि टोचते बरोबर जागी. तिने खाली विचारलं, रोज वाईट असतो का? किती दिवस प्यायलास? आता वर्गासमोर नाक कापून कोण घेणार, म्हणून मी आठवडाभर दिवसातून तीनदा चहा प्यायलो आणि वेळ लिहून ठेवली. (त्या आठवड्यात मी झोपलोच नाही असं आई म्हणते.) निघालं काय, तर सकाळचा चहा उत्तम. अकरानंतर तीच पावडर पुन्हा उकळतात, तिथून घात. मी तसं लिहिलं. कॅन्टीनवाल्याने ते कोणाकडून तरी वाचून घेतलं, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून पावडर बदलायला लागला. मामा, खोटं कशाला सांगू, मला जरा उंच झाल्यासारखं वाटलं.

पण आमच्या मोठ्या सरांना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, हे खपेना. कोणीतरी लिहिलं होतं की कार्यशाळेतलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, मग उशिराची सही कुठल्या वेळेने? सर मॅडमना जिन्यातच म्हणाले, "पोरं पाने-पक्कड धरायला आलीत की वाद घालायला? माकडाच्या हातात कोलीत दिलंत तुम्ही. महिनाअखेर हे बंद करा. आणि पुढच्या वर्षाचं मग बघू." मॅडम वर्गात आल्या आणि फळा पुसला. स्वच्छच होता.

तेव्हा मी ठरवलं की ब्लॉग वाचवायचा. म्हणून मी एक प्रोफेसर तयार केले. (खरं सांगायचं तर प्रोफेसर आधीच तयार होते. माझ्या लिखाणाखाली टाचणीशिवाय कोणी काही लिहीत नव्हतं, तेव्हा स्वतःचं थोडं कौतुक करायला मी त्यांना जन्माला घातलं होतं. पण हेतू पुढे सुधारला, हे महत्त्वाचं.) प्रोफेसर परदेशी, निवृत्त, पांढऱ्या केसांचे. त्यांना साधं इंग्रजी शोभलं नसतं आणि मला भारी येत नाही. मग कार्यशाळेत फ्रिजबरोबर आलेला वॉरंटीचा कागद पडला होता, त्यातून त्यांचं ब्लॉगवरचं कौतुक उतरवलं. "फ्रिज" दिसेल तिथे "ब्लॉग" घातलं. "खरेदीदार" दिसेल तिथे "विद्यार्थी" घातलं. एवढं झकास झालं म्हणून सांगू, मलाच माझ्याबद्दल आदर वाटला.

सरांनी ते वाचलं आणि पाघळले. छापून, चौकट करून आपल्या खुर्चीमागे लावलं. ब्लॉग चालू राहू दे म्हणाले. इथे थांबलं असतं तर मी शहाणा ठरलो असतो, पण सरांनी ब्लॉगवरूनच प्रोफेसरांना आमंत्रण पाठवलं, शनिवारी अकराला संस्थेत या, सत्कार करू. मी त्यांच्या वतीने नकार लिहायला बसलो. पुन्हा तोच कागद, अटी आणि शर्तींचा भाग. असा दणदणीत नकार लिहिला की सरांनी तो तीनदा वाचला आणि शिपायाला सांगितलं, "येतायत. मोठी खुर्ची पुसून ठेव." मी परत वाचलं. मामा, त्यात हो आहे की नाही हे मलाही कळेना.

त्यात मॅडमनी प्रोफेसरांचा तो मजकूर फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, आता हेच आठ शब्दांच्या वाक्यांत लिहा. चौदा जणांचे चौदा अर्थ निघाले. मला उभं केलं, तर मी घामाघूम. टाचणीने हात वर केला. "मॅडम, यात म्हटलंय की हे कौतुक बारा महिने वैध राहील. आणि ओलाव्याने बिघडलं तर प्रोफेसर जबाबदार नाहीत. कौतुकाला मुदत का?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, असं मला वाटलं. (चोराच्या मनात चांदणं.)

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये टाचणी माझ्यासमोर येऊन बसली आणि तो वॉरंटीचा कागद टेबलावर ठेवला. त्यात "फ्रिज"च्या वर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने "ब्लॉग" लिहिलेलं.

"प्रोफेसरांचं अक्षर ओळखीचं आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "गंमत होती गं."

"तुझी गंमत. शनिवारी कोणी आलं नाही की सर मॅडमनाच विचारणार, हे तुम्हीच केलंत ना? मग त्यांचं पुढचं वर्ष गेलं. शुक्रवारपर्यंत तू लिही, नाहीतर मी लिहीन."

"तू काय लिहिणार?"

"आठ शब्दांत मावेल," ती म्हणाली, आणि माझा चहा पिऊन गेली.

तर एकंदरीत इकडे सर्व क्षेम आहे. आईबाबा मजेत, त्यांना यातलं काही माहीत नाही आणि तुम्ही सांगण्यासारखंही त्यात काही नाही. मामींना पुन्हा नमस्कार.

तुमचा एकुलता एक भाचा
(दुसरा असता तर तुम्ही नक्की बदलून घेतला असता.)

ता. क. तुमचे केस पांढरे आहेत. नाटकात तुम्ही राजा व्हायचात तेव्हाचा तो काळा कोट अजून आहे. शनिवारी अकराला तो घालून या. बोलायचं काही नाही, खुर्चीत बसून मान हलवायची. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षं तुम्ही तेच केलंत असं मामी म्हणतात.

ता. क. २. वरचं रद्द. पाकीट चिकटवण्याआधी मी हे सगळं पत्र मॅडमच्या नियमाने इंग्रजीत लिहून पाहिलं. चारच वाक्यं झाली. मी खोटं बोललो. त्याची शिक्षा मॅडमना होईल. आता मामांनीही खोटं बोलावं असं मला वाटतं. मामांना ते जमणार नाही. तेवढं लांबलचक पत्र, आणि आत एवढंच. साध्या इंग्रजीत लपायला जागाच नसते, मामा, म्हणूनच मी दोनदा नापास झालो असणार. शेवटची दोन वाक्यं काढली आणि त्याजागी वॉरंटीच्या कागदाचा फोटो लावून ब्लॉगवर टाकलं. सरांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "सर, चौकट केलीत तेव्हा त्यातलं काय समजलं होतं?" सरांनी चौकट उतरवली आणि म्हणाले, "शनिवारी त्याच्या पालकांना घेऊन या. पोरगा सुधारला हे कशावरून, ते सांगा. मग ब्लॉगचं आणि तुमचं ठरवू." (सरसुद्धा कशावरून विचारायला लागलेत.) बाबांना नेलं तर ते सरांच्या आधी मला बडवतील. तेव्हा मामा, शनिवारी अकरालाच या. पालक म्हणून. कोट तोच चालेल.

ता. क. ३. माझ्या कबुलीखाली टाचणीने लिहिलंय, "पश्चात्ताप खरा आहे? पुरावा?" तेव्हा हे पत्र पुरावा म्हणून सोबत आणा आणि सरांना दाखवा. तुमची छत्री मी चिकटवली. डिंकाने चिकटवली. दमट हवेचा काही संबंध नाही. बाटली अजून माझ्या दप्तरात आहे. गरम पाण्यात बुडवा, उघडेल. मी करून पाहिलंय. मामींच्या छत्रीवर.