सैनिकांचे डोळे

मंगळवार, दिवेलागणीनंतर

ओंकारचा पुण्याहून फोन येऊन गेला, तेव्हापासून काही सुचत नाही. नातू माझा, नोकरीला आहे, पण टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून मित्रांबरोबर लढाया खेळतो. जुन्या काळचे, ग्रीक की कुठले. चतुर्थीला आला तेव्हा अख्खी फौज माझ्यापुढे ओतून गेला. म्हणाला, "आजी, तुझा हात चांगला आहे, रंगव." काय आनंद झाला होता मला. डाळ करपली तरी उठले नाही.

आमच्या घरी गणपतीचा कारखाना होता. पीतांबर, उपरणं, उंदीर, सगळं मी रंगवलं. डोळे मात्र कधीच नाही. मामंजी म्हणायचे, "सूनबाई, डोळ्यांची आखणी आम्ही करू." पुढे आमचे हेसुद्धा तेच. म्हणून या सैनिकांचे डोळे मी हौसेने काढले. मोठे, पाणीदार. आता गणपतीसारखे झाले असतील, दुसरे मला कुठे ठाऊक?

आज म्हणतो, "आजी, मित्र हसले गं. म्हणाले, ही फौज लढणार की आशीर्वाद देणार? शेवटी मी डोळ्यांवर काळा रंग फिरवला."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. पुढच्या वेळी तू ढालीच कर, डोळे माझ्याकडे."

अगदी मामंजींचा सूर. त्यांना तर यानं पाहिलेलंही नाही.

आणि यावर मी काय म्हणाले, तर नुसतं "बरं". विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतोय.