सुनीतीताईंचं थालीपीठ आणि त्याचे अनुयायी

इंदिरा नगर, लखनौ
१२ जून

श्री. दत्तोपंत यांस,

लखनौहून सदाशिवचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एक हात मोकळा ठेवून तुमच्या कन्येचा कान धरावा असं फार मनात होतं, पण ती पुण्यात आणि मी इथे.) मिरजेस तुमची साखर आणि वहिनींचा गुडघा दोन्ही आटोक्यात असावेत. इकडे पारा चव्वेचाळिसावर आहे आणि माझा रक्तदाब त्याच्या मागोमाग. तुमची बहीण ठीक आहे. निदान विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणते. पत्र हाताने लिहितो आहे ते जुनी हौस म्हणून नव्हे. फोनवर लिहिलेलं तुमच्या कन्येपर्यंत, अंतरापर्यंत पोचतं आणि अंतरापर्यंत पोचलेलं जगभर जातं, हे मी आता अनुभवाने शिकलो आहे. विनंती काही नाही, विशेष तेवढं आहे.

सुनीतीने गेल्या दिवाळीनंतर भाजणी करून विकायला सुरुवात केली, हे तुम्हाला ठाऊक असेलच (नसेल तर भाऊ म्हणून थोडी चौकशी करत जा). चौतीस वर्षं मी इथल्या संशोधन संस्थेत उंदरांची यकृतं तपासली आणि चौतीस वर्षं ही कॉलनीत ‘डॉक्टर साहब की मिसेज’ होती. मी निवृत्त झालो, मुलगा समीर कॅनडाला गेला, आणि एके सकाळी हिने जाहीर केलं की आपल्याला डब्यावर आपलं नाव छापलेलं पाहायचं आहे. मी म्हटलं, नाव रेशनकार्डावर आहे की. दुसऱ्या दिवशी तिने बाजरी भाजायला घेतली. एकेक धान्य वेगळं भाजायचं, धणे-जिरे वेगळे, आणि मग दळण. इथल्या चक्कीवाल्याने पिशवीत नाक घालून ‘ये तो जला हुआ माल है, बहनजी’ म्हणून ती परत पाठवली. शेवटी जुन्या शहरातल्या चौक भागात, चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, एकजण मिळाला जो काहीही दळतो. अलीगंजात रेल्वेच्या इंजिनियरांची पाच-सहा मराठी घरं आहेत, आमच्या संस्थेतली तितकीच. ती मंडळी आपणहून डबे न्यायची आणि रिकामा डबा परत करताना हिच्याशी अर्धा तास बोलायची. सगळं छान चाललं होतं. छान चाललेलं बघवत नाही अशी एक नवी जमात हल्ली निघाली आहे, तिला डिजिटल मार्केटिंग म्हणतात.

फेब्रुवारीत अंतरा आठ दिवस आत्याकडे राहायला म्हणून आली आणि आमच्या ओट्याचा स्टुडिओ करून गेली. ती पोटासाठी नक्की काय करते हे तुम्ही मला तीनदा समजावलं आहे आणि तिन्ही वेळा तुम्हालाच ते समजलेलं नाही असं माझं मत झालं. आता मी प्रत्यक्ष पाहिलं आहे तर सांगतो. ती थालीपीठ तव्यावर पडताना बघते, मग ते परत उचलायला लावते, मग ते पुन्हा पडताना बघते. पहिलं थालीपीठ अकरा वेळा पडलं. ते नंतर मला खायला घातलं. मधली भोकं बोटाने पाडायची ती ‘अजून प्रेमाने पाड ना, आत्या’ असं तिचं चाललेलं. (मी चौतीस वर्षं उंदरांना सुया टोचल्या, एकदाही कुणी प्रेमाने टोच म्हणालं नाही.) सुनीती काठापदराची साडी नेसून, एरवी लावते त्याच्या दुप्पट कुंकू लावून उभी. तासाभराने ती कंटाळली आणि पिठाने भरलेला हात वर करून ‘अगं, थांब जरा’ म्हणाली. नेमका तोच फोटो अंतराला आवडला. ‘काय ऑथेंटिक आलाय’, म्हणाली. तो हात लक्षात ठेवा.

आता मजकुराकडे येतो, कारण खरी अक्कल तिथे पाजळली गेली. तुमच्या कन्येने थालीपिठाला ‘महाराष्ट्रियन मल्टीग्रेन पॅनकेक’ म्हटलं होतं. पॅनकेक. दत्तोपंत, तुमच्या मातोश्रींनी आयुष्यभर थापलेल्या पदार्थाचं हे बारसं. मी ते ताबडतोब रद्द करवलं. लखनौसारख्या शहरात, जिथे पानवालासुद्धा ‘आप’ म्हणतो, तिथे भाषा जपून वापरावी लागते. संस्थेच्या हिंदी पंधरवड्यात मला दोनदा उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालेलं आहे. तेव्हा मजकूर मी स्वतः, शुद्ध हिंदीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता लिहून दिला: ‘इंदिरा नगर में सुनीति ताई का थालीपीठ। प्रत्येक मंगलवार। पधारें और अनुयायी बनें।’ (‘फॉलो करें’ला दुसरा काय शब्द आहे, तुम्हीच सांगा.) मंगळवारही मीच काढला. मंगळवारी इथे बरेच लोक मांसाहार करत नाहीत, तेव्हा थालीपिठाला गिऱ्हाईक जास्त, असा साधा शास्त्रीय विचार. अंतरा म्हणाली, काका, हे जरा मठासारखं वाटतंय. मी म्हटलं, तुला हिंदी येत नाही. मग इंटरनेटवर पान, फोनमधल्या नकाशावर घरच्या पत्त्याची नोंद वगैरे सोपस्कार झाले आणि ती पुण्याला गेली. तीन महिने त्या पानाकडे काळं कुत्रं फिरकलं नाही. मेच्या अखेरीस तिने पुण्यातून कसलंसं जाहिरातीचं बटण दाबलं आणि ते लखनौभर ‘पोचवलं’.

तुमच्या पंचांगात त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी वैशाख वद्य होता. माझ्याही, कारण ते तुम्हीच दरवर्षी पाठवता. इथला महिना मात्र पौर्णिमेनंतर बदलतो, त्यामुळे इथे ज्येष्ठ लागलेला होता, आणि ज्येष्ठातला मंगळवार म्हणजे लखनौत बडा मंगल. हनुमानाच्या नावाने गल्लोगल्ली मांडव पडतात, पुरी-सब्जी, बुंदी, सरबत, जो येईल त्याला फुकट. आमचे शेजारी श्रीवास्तवजी बरोबर आमच्या फाटकाला लागून सरबताचा मांडव घालतात. (चौतीस वर्षं बघतो आहे, पण इतकी वर्षं आम्ही त्या मांडवाच्या सरबत पिणाऱ्या बाजूला होतो.) सकाळी नवाला मी आंघोळ करून पंचा नेसून तुळशीला पाणी घालत होतो, तर फाटकाशी साठ-सत्तर माणसं. दोघांच्या हातात नारळ. अलीगंजाहून स्कूटरवर आलेल्या एका वयस्क गृहस्थांनी हात जोडून मला विचारलं, ‘पीठाधीश्वर आप ही हैं?’

मी त्यांना समजावून सांगितलं. हिंदीत पीठ म्हणजे पाठ किंवा गादी, मराठीत पीठ म्हणजे आटा. ताटलीएवढं थापतात म्हणून थालीपीठ. हे शक्तिपीठासारखं पीठ नव्हे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मागे वळून सांगितलं, ‘आटे का प्रसाद है, भाई, लाइन बना लो।’ त्यात फाटकावर ‘पाध्ये’ अशी पाटी, आणि इकडे पाधा म्हणजे भटजी. फोनवर सुनीतीचा तो फोटो प्रत्येकाच्या हातात, कपाळभर कुंकू आणि आशीर्वादाचा हात. रांग श्रीवास्तवजींच्या सरबताला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत गेली. मी आत जाऊन सुनीतीला म्हटलं, फाटक लावून घेतो आणि पोलिसांना फोन करतो. ती खिडकीतून बघत होती. एक म्हातारी बाई डोक्यावर ओला रुमाल घेऊन पायरीवर बसली होती. सुनीती म्हणाली, ‘बडा मंगलच्या दिवशी दारातून कुणाला उपाशी पाठवायचं नसतं. कांदा चिरा.’ (कांदा नंतर श्रीवास्तवजींनी बंद करवला, प्रसादात चालत नाही म्हणून. तोवर मी पाऊण टोपली चिरली होती.)

पाच तास, दत्तोपंत. दोन तवे, एक तुमची बहीण. मी पंच्यावरच वाढत होतो, बदलायला वेळच झाला नाही. माणसं येत, तिच्या पाया पडत, ‘माताजी’ म्हणत, थालीपीठ दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावत आणि मग खात. तिने तीन महिने एकेक धान्य वेगळं भाजून केलेली सगळी भाजणी, पुढच्या महिन्याच्या डब्यांसकट, दोन वाजेस्तोवर संपली. नाव छापलेले डबे त्याच सकाळी छापखान्यातून आले होते. ते माजघरात तसेच पडून आहेत, रिकामे.

पुढचा तमाशा नकाशावर. कुणा भाविकाने तिथली नोंद ‘खाद्यपदार्थ’ची ‘मंदिर’ करवून टाकली, आणि लोक आता तारे देत आहेत. एक अभिप्राय मी उतरवून घेतला आहे: ‘प्रसाद अत्यंत स्वादिष्ट। माताजी बहुत सरल। पुजारी जी का स्वभाव रूखा है, कुछ पूछो तो व्याकरण समझाने लगते हैं।’ तीन तारे. पाचातले दोन माझ्यामुळे कापले गेले असं श्रीवास्तवजींचं म्हणणं. दुसऱ्या एकाने चपला ठेवायची सोय नाही म्हणून तक्रार केली आहे. मंदिरात भाजणी विकत घ्यायला कोण येणार? अलीगंजाच्या कौमुदीबाईंनी, म्हणजे हिच्या पहिल्या गिऱ्हाइकाने, फोन करून विचारलं की आता डबा न्यायला येताना सोवळ्यात यायचं का. सुनीती हसली नाही. संध्याकाळी तिने धान्य भाजायची मोठी कढई घासून माळ्यावर टाकली. आता दुपारी झोपते. पूर्वी कधी झोपत नसे.

तर सांगायचं हे की प्रसिद्धी ही अशी चीज आहे. दहा घरं हिला नावाने ओळखत होती, आता सगळं शहर हिला ओळखतं आणि नाव कुणाला माहीत नाही. माझं मत पहिल्यापासून हेच होतं. घरात पुन्हा शांतता आहे, मी सकाळी वर्तमानपत्र सलग वाचू शकतो. कन्येस सांगावे की तिचं ते पान आता पानगळीस लागलं आहे. वहिनींस नमस्कार, गुडघ्याला जपणे.

तुमचा,
सदाशिव

ता. क. मिरजेहून येणारं कुणी असल्यास भाजणीसाठी चांगली बाजरी पाठवणे. इथली मला पसंत नाही. (सुनीतीने सांगितलेलं नाही, मीच लिहितो आहे.)

दुसरा ता. क. वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. तिने कढई वर टाकली ती गर्दीमुळे नव्हे. त्या दिवशी सगळे गेल्यावर घाम पुसत ती मला म्हणाली होती, ‘एवढ्या लोकांनी खाल्लं, एकानेही पानात टाकलं नाही.’ बरीच खुशीत होती. मग ‘मंदिर’ काढून टाकायला म्हणून ती स्वतः त्या नकाशावर गेली, तेव्हा तिथे तिला मालकाचं नाव दिसलं. डॉ. सदाशिव पाध्ये. फेब्रुवारीत तो फॉर्म मी भरला होता. ‘मालक’ असा रकाना होता, घर माझ्या नावावर, विजेचं बिल माझ्या नावावर. चौतीस वर्षं या घरातले सगळे फॉर्म मीच भरतो, हात आपोआप गेला. तिने एवढंच विचारलं, ‘माझं नाव लिहायचं तुम्हाला सुचलंसुद्धा नाही?’ मी म्हटलं, बदलायला माझी परवानगी आहे. त्यानंतर ती माझ्याशी भाजी कुठली आणि गॅस आला का, एवढंच बोलते.

तिसरा ता. क. अंतराला फोन करून सांगणे की मालक म्हणून सुनीतीचं नाव घाल. कालपासून मी सात वेळा प्रयत्न केला, पण माझं नाव मला खोडता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या म्हणतो आहे. पत्र मिळताच करणे.